फाय थीटा कप्पाची ईमेल आलीय, पैसे भरायचे का? आणि लेक सात वाजेपर्यंत लायब्ररीत काय करते?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लेक गेल्या फॉलपासून न्यू जर्सीत एडिसनकडच्या काउंटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातेय, पहिल्या सेमिस्टरला जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी, ३.८ आला, आता फाय थीटा कप्पा नावाच्या ऑनर सोसायटीची, म्हणजे चांगले मार्क असलेल्या विद्यार्थ्यांच्या संस्थेची, ईमेल आलीय आणि ते डॉलर मागतायत, तर ही फसवाफसवी आहे का. दुसरं, शेवटचा क्लास दोनला संपतो तरी ती सात-साडेसातपर्यंत लायब्ररीतच असते, तिथे खरंच अभ्यास होतो का. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की पुण्यात नातेवाइकांना "कम्युनिटी कॉलेज" सांगायला जड जातं.

मी सेंट्रल न्यू जर्सीतल्या अशाच एका कॉलेजच्या लायब्ररीत १६ वर्षं रेफरन्स लायब्रेरियन आहे, त्यातली ९ वर्षं आमच्या कॉलेजातल्या फाय थीटा कप्पा चॅप्टरची, म्हणजे शाखेची, को-ॲडव्हायझर. मूळची कोल्हापूरची, बी.लिब. तिकडेच केलं आणि इथे येऊन परत मास्टर्स करावं लागलं कारण इथे त्याशिवाय लायब्रेरियनची पोस्ट मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडची लायब्ररी आतून बघितलेली आहे.

आधी पैशाचं. फसवाफसवी नाही. फाय थीटा कप्पा, आम्ही सगळे पीटीके म्हणतो, ही १९१८ साली मिसूरी राज्यातल्या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या प्रेसिडेंट लोकांनी एकत्र येऊन सुरू केलेली सोसायटी आहे, १९२९ साली कम्युनिटी कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला दोन वर्षांच्या कॉलेजांची अधिकृत ऑनर सोसायटी म्हणून मान्यता दिली, ऑफिस मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात आहे. नावातली तीन ग्रीक अक्षरं शहाणपण, आकांक्षा आणि शुद्धता या तीन शब्दांची. फाय बीटा कप्पा ही वेगळी हं, ती १७७६ सालची आणि चार वर्षांच्या कॉलेजांची, लोक हमखास घोटाळा करतात. पीटीकेत यायला साधारण १२ क्रेडिट झालेले आणि जीपीए ३.५ लागतो, थोडंफार चॅप्टरप्रमाणे बदलतं, आणि मेंबर झाल्यावर चॅप्टरने ठरवलेला जीपीए टिकवावा लागतो. फी एकदाच भरायची, दरवर्षी नाही. त्यात मुख्य ऑफिसचा भाग असतो आणि वर चॅप्टरचा आणि रीजनचा, म्हणजे विभागाचा, थोडा, म्हणून दोन कॉलेजांचे आकडे वेगळे दिसतात.

पण तुम्ही शंका घेतलीत ते बरोबरच केलंत, कारण मिळतीजुळती नावं घेऊन ईमेल पाठवणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत, ज्यांचा कॉलेजशी काडीचा संबंध नसतो, पैसे भरले की सर्टिफिकेट येतं आणि विषय संपला. ओळखायचं कसं, तर लेकीला सांगा ईमेलमधल्या लिंकवर क्लिकच करू नको, कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन चॅप्टरचं नाव शोध. प्रत्येक चॅप्टरला ग्रीक अक्षरांचं नाव असतं, त्याखाली ॲडव्हायझरचं नाव असतं, आणि तो माणूस कॉलेजचाच प्रोफेसर किंवा स्टाफ असतो, त्याच्या ऑफिसचा दरवाजा असतो. त्या दरवाजावर जाऊन विचारायचं. दरवाजाच नसेल तर पैसे भरायचे नाहीत, इतकं सोपं आहे.

इथे एक गोष्ट सांगते जी मला अजून टोचते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगा असंच पत्र घेऊन डेस्कवर आला होता, मॅम हे खरं आहे का म्हणून, आणि मी तेव्हा नवीन, पीटीके माहीत नव्हतं, मी त्याला बिनधास्त सांगितलं की असे पैसे मागणारे खूप असतात, सोडून दे. त्याने सोडून दिलं. दोन वर्षांनी ट्रान्स्फरच्या, म्हणजे इथून चार वर्षांच्या कॉलेजात जायच्या, वेळी त्याला ज्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं तिथे पीटीके मेंबर्ससाठी वेगळी स्कॉलरशिप होती आणि तो त्यात बसत नव्हता. तो मला काही बोलला नाही, उलट थँक्यू म्हणून गेला. तेव्हापासून मला माहीत नसलेल्या गोष्टीवर मी मत देत नाही, आधी बघते मग बोलते. आणि चॅप्टरचं काम मी हातात घेतलं त्याला हेच कारण.

आता भरायचे का. माझं स्पष्ट मत, भरा, पण लेक मीटिंगला जाणार असेल तरच. नुसतं नाव लावून पदवीदानाला गाऊन घालताना सोनेरी स्टोल मिळतो, रेझ्युमेवर एक ओळ येते, आणि ट्रान्स्फर घेताना बऱ्याच चार वर्षांच्या कॉलेजात मेंबर्ससाठी वेगळ्या स्कॉलरशिप असतात त्यांचा दरवाजा उघडतो, एवढं तर मिळतंच, फीच्या मानाने तेही वाईट नाही. पण या स्कॉलरशिप आपोआप खात्यात येत नाहीत, बहुतेकांना वेगळा अर्ज, निबंध आणि शिफारसपत्र लागतं. आणि शिफारसपत्रावरच सगळं अडतं.

मी दरवर्षी पंधरा-वीस तरी शिफारसपत्रं लिहिते. एखादी मुलगी येते, मॅम मी मेंबर आहे मला लेटर द्या, मी तिला कधी बघितलेलंच नसतं, मग मी काय लिहिणार, हुशार आहे, जीपीए चांगला आहे, तो तर त्यांना ट्रान्स्क्रिप्टवर दिसतोच. दुसरी मुलगी अशी की तिने वर्षभर दर बुधवारी कॉलेज अवरला, म्हणजे दुपारचा तो एक-दीड तास जेव्हा मुद्दाम क्लास ठेवत नाहीत, मीटिंगचे मिनिट्स लिहिले, दोन मेंबर भांडले तेव्हा त्यांना समोरासमोर बसवलं, डोनेशनचा हिशोब सेंटपर्यंत जुळवला. तिच्याबद्दल लिहायला बसले की दोन पानं कशी भरतात कळत नाही. मेंबरशिप दोघींची सारखीच होती.

चॅप्टरमध्ये करतात काय असं विचाराल तर मुख्य दोन कामं. एक म्हणजे कॉलेज प्रोजेक्ट, कॉलेजच्या प्रशासनाशी बसून कॉलेजची एक गरज ठरवायची आणि त्यावर काम करायचं. दुसरं ऑनर्स इन ॲक्शन. याचा एक मोठा विषय मुख्य ऑफिसकडून येतो, दर दोन वर्षांनी बदलतो, त्यातला एखादा धागा चॅप्टरने निवडायचा, त्यावर खरं संशोधन करायचं, म्हणजे जर्नलमधले लेख, पुस्तकं, जाणकारांच्या मुलाखती, उलटसुलट मतं, आणि मग त्या संशोधनातून जे निघेल त्यावर प्रत्यक्ष काहीतरी करून दाखवायचं. लोक इथे उलटं करतात, आधी ठरवतात की आपण कपडे गोळा करूया आणि मग त्याला जुळणारे लेख शोधतात. मी ते चालू देत नाही. वाचल्याशिवाय काय करायचं ते ठरवायचं नाही.

एका वर्षी आमच्या पोरांनी पुस्तकांच्या किमतीचा विषय घेतला. सुरुवातीला म्हणत होते आपण पैसे गोळा करून पुस्तकं विकत घेऊन देऊया. मग वाचायला लागले, प्रोफेसरांशी बोलले, आणि लक्षात आलं की नुसतं जुनं पुस्तक देऊन भागत नाही, कारण कित्येक क्लासना होमवर्कसाठी ऑनलाइन कोड लागतो, तो एकाच विद्यार्थ्याच्या नावावर चालतो, लायब्ररी तो विकत घेऊन चार जणांना देऊ शकत नाही. म्हणजे खरी गाठ तिथे होती. मग ते एकेका डिपार्टमेंटमध्ये गेले आणि ओपनस्टॅक्सची पुस्तकं दाखवली, ही राइस युनिव्हर्सिटीने २०१२ साली सुरू केलेली फुकट पुस्तकं, फिजिक्स, बायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स सगळं आहे, पीडीएफ उतरवून घ्या, कोड नाही, काही नाही. सगळ्या प्रोफेसरांनी ऐकलं असं नाही. काहींनी ऐकलं. एकोणीस वर्षांची पोरगी चाळीस वर्षं शिकवलेल्या प्रोफेसरसमोर बसून शांतपणे सांगतेय की सर, तुमच्या क्लासमध्ये तिघांनी पुस्तकच घेतलेलं नाही, आणि सर ऐकून घेतायत, हे मी खोलीच्या कोपऱ्यात बसून बघितलंय. हे शिक्षण कुठल्या क्लासमध्ये मिळणार?

आता लायब्ररीचं, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आपल्याकडे लायब्ररी म्हणजे काउंटर, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि नंबर लिहून द्यायचा, शिपाई आतून आणून देणार, आणि बसायला वेगळी अभ्यासिका. पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत जागा घेतात ना, तसं. इथल्या कम्युनिटी कॉलेजची लायब्ररी हे सगळं एकत्र आहे आणि शिवाय घरही आहे. कारण आमच्याकडे होस्टेल नाही. सगळी पोरं गाडीने किंवा बसने येतात, सकाळी नऊचा क्लास, मग थेट दीडचा, मधले तीन तास जायचं कुठे? कॅफेटेरियात गोंगाट, गाडीत थंडी. मोठ्या युनिव्हर्सिटीत पोरांना खोली असते, इथल्या पोरांना लायब्ररीतलं एक टेबल असतं. तुमची लेक सातपर्यंत बसते कारण बहुतेक तिला तिचं टेबल सापडलंय, आणि ही चांगली खूण आहे. पहिल्या सेमिस्टरला ज्यांना टेबल सापडत नाही ती पोरं क्लास संपला की घरी किंवा कामावर पळतात, आणि कॉलेज मध्येच सोडणाऱ्यांत मला अशीच जास्त दिसली आहेत.

तिथे काय मिळतं जे घरी मिळत नाही ते सांगते. पहिलं, रिझर्व्ह. म्हणजे क्लासला लावलेली पुस्तकं सर्क्युलेशन डेस्कच्या मागे ठेवलेली असतात, ओळखपत्र दाखवायचं, दोन तासांसाठी घ्यायचं, बाहेर न्यायचं नाही. दीडशे-दोनशे डॉलरचं पुस्तक न घेता सेमिस्टर काढणारी कितीतरी मुलं मी बघितलीत, फक्त शिस्त लागते, परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच तेच पुस्तक हवं असतं. शिवाय ग्राफिंग कॅल्क्युलेटर, लॅपटॉप, काही ठिकाणी वायफायचा हॉटस्पॉटसुद्धा उसना मिळतो.

आणि हाडं. खरंच, हाडांचा डबा असतो आमच्याकडे, नर्सिंगला जाणाऱ्या मुलांना ॲनाटॉमी असते ना त्यासाठी. एक साताऱ्याकडच्या ताई होत्या, दोन मुलांच्या आई, अडतिसाव्या वर्षी नर्सिंगसाठी कॉलेजला आलेल्या, इंग्रजीची थोडी भीती. रोज मुलांची स्कूलबस गेली की नऊला हजर, डबा घ्यायच्या आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसायच्या. मनगटात आठ छोटी हाडं असतात, खड्यांएवढी, ती तळहातावर एका ओळीत मांडायच्या आणि पुटपुटायच्या, होडी, चंद्रकोर, तीन कोनी, वाटाणा. स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखं, ल्युनेट चंद्रासारखं, ट्रायक्वेट्रम तीन कोनांचं, पिसिफॉर्म वाटाण्यासारखं, मूळ लॅटिन-ग्रीक अर्थही तेच आहेत, त्यांनी फक्त आपल्या भाषेत आणले. शेजारी बसणाऱ्या एका डॉमिनिकन मुलीने विचारलं काय म्हणताय, त्यांनी समजावलं, मग तिने स्पॅनिशमध्ये केलं, पुढच्या आठवड्यात त्या टेबलावर पाच जणी होत्या आणि त्या पाचही जणी पिसिफॉर्मला वाटाणा म्हणायच्या. त्या ताई पुढे पीटीकेत आल्या, इंडक्शनला, म्हणजे मेंबर करून घ्यायच्या समारंभात, स्टेजवर जाताना नवऱ्याने व्हिडिओ काढला आणि सातारला आईला पाठवला, आता त्या हॉस्पिटलमध्ये आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, आहेत.

दुसरं म्हणजे रेफरन्स डेस्क, माझी खुर्ची. मुलं येतात आणि विचारतात, डायबेटिसवर पुस्तकं कुठे आहेत. मी आर अक्षराच्या, म्हणजे वैद्यकाच्या, शेल्फकडे बोट दाखवून मोकळी होऊ शकते, पण तसं करत नाही, विचारते की असाइनमेंट काय आहे, किती पानांचं, प्रोफेसरने काय अटी घातल्यात, मग पाच मिनिटांत कळतं की त्याला पुस्तक नकोच आहे, त्याला गेल्या पाच वर्षांतले पिअर रिव्ह्यू झालेले, म्हणजे त्या विषयातल्या जाणकारांनी तपासलेले, तीन लेख हवेत, दक्षिण आशियाई लोकांमधल्या डायबेटिसबद्दल, कारण त्याच्या आजोबांना आहे. मग आम्ही दोघं डेटाबेस उघडतो. पूर्ण वाक्य टाकायचं नाही, महत्त्वाचे दोन-तीन शब्द टाकायचे, तारीख लावायची, पिअर रिव्ह्यूच्या चौकोनात टिक करायची, आणि एक चांगला लेख सापडला की त्याच्या तळाशी दिलेली यादी बघायची, तिथून पुढचे चार मिळतात. आमच्याकडे नसलेला लेख इंटरलायब्ररी लोनने दुसऱ्या कॉलेजातून मागवतो, विद्यार्थ्याला बहुतेक वेळा एक पैसा पडत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन सरांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, तो कोल्हापूरला पाठ केला होता, त्याचा अर्थ मला या खुर्चीत बसल्यावर कळला. पार्ट टाइम नोकरी करून शिकणाऱ्या पोराचे चाळीस मिनिटं वाचवली तर तो चाळीस मिनिटं झोपतो.

लेकीला काम करायचं असेल तर लायब्ररीत स्टुडंट वर्करच्या जागा असतात, पुस्तकं शेल्फवर लावणं, डेस्क सांभाळणं. ज्यांची मुलं एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी, कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण त्यातल्या फेडरल वर्क-स्टडीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशातून असलेल्या, जागा त्यांना मिळत नाहीत, कॉलेजच्या पैशातून असलेल्या मिळतात, आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्या. पीटीकेत मात्र एफ-१ वाली मुलंही येतात, नागरिकत्वाचा प्रश्न नाही.

एक गोष्ट आईवडिलांना नीट सांगायला हवी. फोन करून विचारू नका की आमची मुलगी आज आली होती का, कुठलं पुस्तक नेलं. मी सांगणार नाही. कोण काय वाचतं हे आम्ही कुणाला सांगत नाही, आणि मार्कांचं म्हणाल तर फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की त्याचं रेकॉर्ड त्याचं, बहुतेक वेळा त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज तुम्हाला सांगणार नाही, फी तुम्ही भरत असलात तरी फोनवरून उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडच्या पालकांना हे लागतं, मला कळतं, मीही आई आहे. पण लेकीलाच विचारा, आज कुठल्या टेबलावर बसलीस, कोण होतं बरोबर. सांगेल ती.

नातेवाइकांचं काय. इथलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरू झालं, आज देशभर हजाराच्या वर आहेत, एकट्या न्यू जर्सीत १८. इथे ए.ए. किंवा ए.एस. ही दोन वर्षांची डिग्री पूर्ण करून राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश मिळवला की क्रेडिट एकगठ्ठा पुढे नेता येतात, असा राज्याचाच करार आहे, मात्र ए.ए.एस. या थेट नोकरीसाठीच्या डिग्रीला तो लागू नाही, हे आजच लेकीच्या डिग्रीच्या नावात बघा, एका एसने फरक पडतो. पुढे डिग्री ज्या युनिव्हर्सिटीतून पूर्ण करेल तिच्याच नावाची मिळेल. मावशीला हे सगळं सांगायची गरज नाही, लेक कॉलेजला जाते एवढं सांगा आणि मान वर ठेवून सांगा, कारण तुमच्या घरात एक मुलगी ३.८ घेऊन आलीय आणि संध्याकाळी सातपर्यंत आपणहून बसून वाचतेय.

आता या आठवड्यात काय करायचं. ॲडव्हायझरला भेटायला सांगा, ऑफिस अवरमध्ये, आणि फी जड असेल तर तेव्हाच मोकळेपणाने विचारू दे, फीसाठी मदत असते, मागायला लाजायचं नाही. मग एक मीटिंग पैसे न भरता बघून येऊ दे, बहुतेक चॅप्टर येऊ देतात. ईमेलमध्ये शेवटची तारीख असेल ती वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच मोठ्या स्कॉलरशिपकडे लक्ष द्या, कॉलेज दर कॅम्पसमधून ऑल-यूएसए टीम या राष्ट्रीय स्कॉलरशिपसाठी फक्त दोघांनाच नॉमिनेट करतं, म्हणून नॉमिनेशनचं आधीच विचारून ठेवायचं. आणि जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्स्फर स्कॉलरशिप, वर्षाला ५५ हजार डॉलरपर्यंत, तिला पीटीके मेंबर असणं सक्तीचं नाही, पण निबंध लिहायला दोन महिने तरी लागतात, आदल्या रात्री होत नाही, मी आदल्या रात्री रडणारी मुलं बघितलीत.

आणि तिच्या लायब्ररीत रेफरन्स डेस्कवर जो कोणी बसत असेल त्याला तिने एकदा जाऊन नाव सांगावं, प्रश्न नसला तरी. आम्हाला चेहरे लक्षात राहतात, नावं सांगितली तर नावंही राहतात.